तीनशे वॅटचा वडवानल

ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या त्या शांत गल्लीत शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागली, की समोरच्या घरातला समोअन म्हातारा कुंपणाशी येऊन नमस्कार करून चौकशी करायचा, "किया ओरा! हू डाइड?" विवेक हसत सांगायचा, कुणी गेलं नाही, प्रार्थना आहे. म्हातारा मान डोलवून आत जायचा. प्रार्थना त्याला कळत होती. ती गॅरेजमध्ये आणि एका कासवासमोर चालते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गॅरेजच्या दाराशी बुटांचा, रबरी जॅन्डल्सचा आणि लहान मुलांच्या गमबुटांचा ढीग पडलेला असे. आत गालिच्याचे तुकडे अंथरून पन्नास-साठ माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. समोर लोखंडी स्टँडवर चार फुटी काचेची टाकी, तिच्यावर पिवळं कापड. टाकीशेजारी यशोधनगुरुजी उभे. पांढऱ्या कुडत्यावर काळं पफर जॅकेट, कपाळावर माशाच्या आकाराचं गंध.

"मंडळी, आपण पृथ्वीच्या खालच्या अंगाला राहतो, हे विसरू नका," गुरुजी म्हणत. "इथे उत्तर म्हणजे दक्षिण आणि दक्षिण म्हणजे उत्तर. बेसिनमधलं पाणीसुद्धा उलटं फिरतं! मग पुण्याला बसवलेली वास्तू इथे कशी चालेल? सगळी एनर्जी उलटी. ती सुलटी करायला कोण लागतं? पहिले दोन अवतार! मत्स्य आणि कूर्म!"

"जय!" लोक म्हणत.

"रविवारी तीन मासे सोडले. तीन माणसांच्या नावाने. आठवडाभर ते कूर्माच्या तोंडासमोर पोहत होते. तुम्ही येऊन डोळ्यांनी पाहिलंत. खाल्लं कासवाने एकाला तरी?"

"नाही!"

"कसा खाईल? देव देवाला खातो का? काल सूर्यास्ताला वस्त्र घातलं. आता बघा." गुरुजींनी डोळे मिटून ओठ हलवले, टाळ वाजले आणि कापड झरकन वर गेलं.

टाकीत कासव होतं. हिरवट पाठीचं, गालावर तांबडी रेघ असलेलं, ताटलीएवढं. मासे नव्हते. एकही नाही. काचेवर नाक लावलेल्या पोरांनी तळातले गोटे मोजले, पण सोनेरी शेपटीचा पत्ता नाही.

"सलोनीताईंची चिंता घेऊन मासा मुक्त झाला!" गुरुजींचा आवाज चढला. "नितीशरावांचं पाठीचं दुखणं घेऊन मासा मुक्त झाला!"

कोणी रडलं, कोणी काचेला हात लावून कपाळाला लावला. नितीश खरोखर उठून वाकला आणि म्हणाला, "च्यायला, पाठ मोकळी वाटतेय!" सगळे हसले, टाळ्या पडल्या.

आणि मागच्या दारात चहाच्या ट्रेपाशी सुनीती उभी होती. घर तिचं, गॅरेज तिचं, कासव तिच्या मुलीचं. ते तिन्ही मासे कुठे गेले होते, हे त्या गर्दीत गुरुजींखेरीज आणखी एकाच मोठ्या माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस चहात साखर ढवळत होतं.

सुनीती फार्मासिस्ट होती. स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात सहा वर्षं नोकरी करत होती. नवरा विवेक ऑकलंडात एका आयटी कंपनीत होता, तो त्या उन्हाळ्यात कामावरून कमी झाला. त्याच सुमाराला त्याचा एक सहकारी ऑस्ट्रेलियाला निघाला आणि जाताना टाकीसकट कासव यांच्या पदरात घालून गेला. अकरा वर्षांच्या इशिताने त्याचं नाव ठेवलं ढब्बू. मराठीतला तिचा आवडता शब्द तोच होता.

टाकी मोठी, कासव एकटं. विवेकने हौसेने चार गोल्डफिश आणून सोडले. इशिता लायब्ररीतून पुस्तक घेऊन आली होती. ती म्हणाली, "मम्, यू कान्ट डू दॅट. ही विल ईट देम. टर्टल्स आणि फिश एकत्र नाही ठेवायचे." दोन दिवसांत दोन मासे गेले. मग थंडी सुरू झाली आणि टाकीतला हीटर बिघडला. गॅरेजमधलं पाणी बर्फासारखं गार. ढब्बू एका कोपऱ्यात दगडासारखा पडून राहू लागला. खाणं नाही, पिणं नाही. उरलेले दोन मासे त्याच्या नाकासमोरून आरामात फिरू लागले.

नेमके त्या दिवसांत यशोधनगुरुजी आले. नोकरी का मिळत नाही, म्हणून विवेकने त्यांना वास्तू दाखवायला बोलावलं होतं. गुरुजी पूर्वी स्वयंपाकघरातली कपाटं विकायचे, त्यामुळे भिंतीला हात लावून डोळे बारीक करण्याची त्यांची ढब अगदी अस्सल होती. गॅरेजमध्ये आले आणि टाकीपाशी थबकले.

"हा खात नाही यांना?"

"गारठलाय हो," विवेक म्हणाला. "हीटर होता तेव्हा दोन गट्टम केले. आता पाणी गार आहे तर हलतसुद्धा नाही."

गुरुजी बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. सुनीती तेव्हाही चहा घेऊन शेजारीच उभी होती. हे वाक्य तिने ऐकलं होतं. गुरुजींनी ऐकलं होतं. आणि बोलला होता तो विवेक. पण माणूस अडचणीत असला की स्वतःच्याच तोंडचं वाक्य विसरतो.

गुरुजींनी विवेककडून नवा हीटर मागवला. काचेची लांब नळी, टोकाला लाल दिवा, तीनशे वॅटचा. "हा साधा हीटर समजू नका. समुद्राच्या पोटात अग्नी असतो, वडवानल म्हणतात त्याला. शुक्रवारी सूर्यास्ताला वडवानल जागवायचा, वरून वस्त्र घालायचं. शनिवारी वस्त्र काढलं की वडवानल शांत करायचा. आठवडाभर शीतल जल. आणि मधल्या वेळात कुणीही डोकवायचं नाही. ही गोष्ट घरातच ठेवा, शक्ती बोलून दाखवली की जाते."

पहिल्या खेपेला गुरुजींनी दोनांतला एक मासा बाजूला काढवला; दुसरा विवेकच्या नावाचा होता. तो शनिवारी नाहीसा झाला आणि मंगळवारी विवेकला नोकरीचं पत्र आलं. ज्या कंपनीत तो महिन्यापूर्वी दोनदा मुलाखत देऊन आला होता, तिथलंच. पण हे कोणाच्या लक्षात राहतं?

त्या रविवारी टाकी साफ करताना सुनीतीने फिल्टरचं झाकण उघडलं. स्पंजला बारीक, चकचकीत खवले चिकटले होते. मध्ये केसासारखा नाजूक एक काटा, संपूर्ण, मणक्यासकट. ती मिनिटभर तो हातात धरून उभी राहिली. मग तिने तो कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी दाबला.

तेव्हाच बोलली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण स्वयंपाकघरात विवेक शीळ घालत होता. सहा महिन्यांनी. आणि आदल्या संध्याकाळी चार घरांतून फोन आले होते, "सुनीतीताई, आम्ही पण येऊ का हो दर्शनाला?" सहा वर्षांत या घराची बेल कुरियरवाल्याशिवाय कुणी वाजवली नव्हती. वाढदिवसाला तीन माणसं जमवताना तिची दमछाक व्हायची. आता लोक डबे घेऊन येत, इशिताला मांडीवर ओढत, भजनं म्हणत. कुणाचं काय बिघडतंय यात, असं तिने मनाशी म्हटलं. मासे तर बाजारातूनही लोक आणतात आणि खातात.

पुढच्या रविवारी तिने पुन्हा फिल्टर साफ केला. त्याच्या पुढच्याही. लोक यायच्या आत टाकी लख्ख असली पाहिजे, अशी गुरुजींची ताकीदच होती. दर आठवड्याला तीन मासे, तीन काटे. गुरुजींचा खेळ चालत होता खरा, पण त्यातला पुरावा नाहीसा करण्याचं काम सुनीतीचे हात करत होते.

इशिताने मात्र पहिल्याच महिन्यात तोंड उघडलं होतं. "मम्, ही जस्ट ईट्स देम. एव्हरीवन नोज, राइट?"

"हळू बोल."

"का?"

सुनीतीने दार लोटून घेतलं. ती म्हणाली, "मोठ्यांच्या श्रद्धेत आपण पडू नये." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तिचं तिलाच ते परकं वाटलं. मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग कधीच त्याबद्दल बोलली नाही. शनिवारी ती आपल्या खोलीचं दार लावून बसू लागली.

येणाऱ्यांत सुलभामावशी होत्या. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या समीरची आई. समीर ईस्ट टामाकीच्या एका गोदामात सुपरवायझर, सून सानिका नर्स. नातवंडाला सांभाळायला मावशी बार्शीहून आल्या आणि इथल्याच झाल्या. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे बोलणं खणखणीत. रस्त्यात कुठल्याही मराठी पोराला थांबवून त्याचं 'ळ' तपासायच्या. हृदयाचे ठोके अनियमित होते म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना कायमची होती, आणि ती त्या सुनीतीच्याच दुकानातून नेत. "तू दिलीस की गुण येतो," असं म्हणत.

सातव्या शनिवारी मावशींच्या नावाचा मासा मुक्त झाला. चहाच्या वेळी त्या सुनीतीला कोपऱ्यात घेऊन गेल्या.

"सुनीती, एक खरं सांग. त्या गोळीने अंगावर हे बघ, जरा धक्का लागला की काळंनिळं होतं. गुरुजी म्हणतात हृदयाची पीडा माशाने नेली, आता गोळी म्हणजे उगाच विष. तू औषधातली आहेस. बंद केली तर चालेल ना?"

एका शब्दाचं काम होतं. नाही. दोन अक्षरं. सुनीतीने मान वर केली. मावशींच्या खांद्यावरून गुरुजी तिच्याकडेच बघत होते, आणि विवेक त्यांच्या शेजारी हसत उभा होता.

"बघू हं मावशी," ती म्हणाली. "आलेच, चहा उतू जातोय."

चहा कधीच उतरवून झाला होता.

दोन आठवड्यांनी दुकानातल्या संगणकावर तिला मावशींचं नाव दिसलं. गोळ्या न्यायची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. सुनीतीने आठवणीचा मेसेज पाठवण्याचं बटण दाबलं. दुकानाची रीत तेवढीच होती. फोन उचलून नंबर फिरवणं हे रीतीत नव्हतं. मावशींचं घर दुकानापासून चालत सात मिनिटांवर होतं. समीर घेऊन जाईल शनिवारी, असं तिने स्वतःला सांगितलं. शनिवारी मावशी आल्या, ठणठणीत दिसत होत्या, टाळ वाजवत होत्या. सुनीतीने त्यांना चहा दिला आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, सानिका दुकानात आली. नर्सच्या गणवेशातच होती. काउंटरवर तिने गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. शेवटच्या पाच गोळ्या आत तशाच होत्या.

"आईंच्या उशाखाली मिळालं," ती म्हणाली. "सकाळी चहा पिताना कप हातातून पडला. तोंड वाकडं झालं. गुठळी मेंदूत गेली. मी घरात नर्स आहे, ताई, आणि मला पत्ता नाही! त्यांनी कधीपासून बंद केल्या, डॉक्टरांना सांगायचंय. तुमच्याकडे तारीख असेल ना?"

सुनीतीने तारीख काढून दिली. कागद छापून दिला.

"त्या वाचतील," सानिका म्हणाली. "उजवा हात हलत नाहीये. आणि शब्द सापडत नाहीत त्यांना. पेल्याला खिडकी म्हणाल्या. मग स्वतःच रडायला लागल्या."

संध्याकाळी विवेकने गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर गुरुजींचा आवाज शांत होता. "कुणीतरी श्रद्धा मोडली असणार. अहो, मोठी पीडा माशानेच नेली, म्हणून निभावलं. नाहीतर जीवच जायचा! या शनिवारी त्यांच्या नावाने दुसरा मासा सोडू. आणि कूर्माच्या नाकातून बुडबुडे येतायत म्हणालात ना, काळजी नको. प्राणायाम चाललाय त्याचा."

विवेक मान डोलवत होता. सुनीती उठली, गॅरेजमध्ये गेली आणि टाकीसमोर बसली. ढब्बू पाण्यावर एका बाजूला कलून तरंगत होता. नाकाशी फेस होता. प्राणायाम कसला, थंडी-उबेच्या दर आठवड्याच्या खेळाने त्याच्या छातीत कफ भरला होता, हे कुणालाही दिसलं असतं. मागून इशिता आली.

"इझ सुलभाआजी गॉना डाय?"

"नाही. पण ती आजारी पडली त्यात माझी चूक आहे."

सुनीतीने तिला सगळं सांगितलं. फिल्टरमधले काटे, कागदात गुंडाळलेला कचरा, मावशींचा प्रश्न, चहा. इशिताने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो व्हॉट आर यू गॉना डू?"

"सगळ्यांना दाखवणार. शनिवारी."

"डोन्ट किल मोअर फिश, ओके? हीटर लावूच नको. देन नथिंग विल हॅपन."

सुनीतीने तिच्याकडे पाहिलं. तिने स्वतः दाखवून देण्याचे दहा प्रकार मनात योजले होते. हा त्या सगळ्यांहून सोपा होता.

शुक्रवारी सूर्यास्ताला तिने टाकीवर पिवळं कापड घातलं. वडवानलाची पिन तिने भिंतीतून काढून ठेवली. त्या रविवारी दुकानात जादा पाळी लागल्याने फिल्टर साफ करायचा राहून गेला होता, तो आता तिने मुद्दाम तसाच ठेवला. विवेकला तिने सांगितलं. तो आधी चिडला, मग खाली बसला. "म्हणजे माझी नोकरी..." "तुझी नोकरी तुला तुझ्या मुलाखतीने मिळाली," ती म्हणाली. मग तो म्हणाला, "गारठलाय म्हणून खात नाही, हे मीच म्हणालो होतो ना त्यांना?"

"हो. आणि मी ऐकलं होतं."

शनिवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. मावशींची बातमी पसरली होती, लोक घाबरले होते आणि घाबरलेली माणसं अधिकच घट्ट धरून बसतात. गुरुजींचा आवाज चढला होता. टाळ वाजले. कापड झरकन वर गेलं.

तीन मासे संथपणे पोहत होते. एक तर ढब्बूच्या पाठीवरचं शेवाळ टोचून खात होता.

गुरुजींनी कापड पुन्हा टाकलं. "कुणाच्या तरी मनात शंका आहे," ते म्हणाले. "डोळे मिटा. पुन्हा एकदा!" पुन्हा मंत्र, पुन्हा टाळ, यावेळी अर्धा तास. कापड उठलं. तीन मासे. एका पोराने खुदकन हसून आईचा फटका खाल्ला.

गुरुजींच्या कपाळावरचं गंध ओघळायला लागलं होतं. त्यांनी बाही सरसावून हात पाण्यात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"पाणी गार कसं?" ते विवेकवर ओरडले. "हीटर लावला नाही का काल?"

शब्द तोंडातून गेले आणि गेलेच.

"हीटर?" पहिल्या रांगेतल्या सलोनीने विचारलं. "हीटर कशाला लागतो?"

सुनीती पुढे आली. "मीही तेच विचारते गुरुजी. मासा मंत्राने जातो ना? मग हीटरवाचून अडलं कुठे?"

"तू बाई मध्ये बोलू नकोस. वडवानलाशिवाय..."

"वडवानल हा," तिने पाण्यातली काचेची नळी लोंबत्या पिनेसकट वर काढून धरली. "तीनशे वॅट. ऐका सगळ्यांनी. कासवाचं रक्त थंड असतं. पाणी जितकं गार तितकं ते मंद. आपल्या गॅरेजमध्ये थंडीत पाणी तेरा-चौदा डिग्री असतं, त्यात याला अन्न पचतसुद्धा नाही. म्हणून आठवडाभर मासे याच्या नाकासमोर फिरतात. त्यात अहिंसा नाही आणि अवतारही नाही, नुसता गारठा आहे. शुक्रवारी हीटर लावायचा. सकाळपर्यंत पाणी उबदार. आठवड्याचं उपाशी कासव जागं होतं, आणि वरून कापड असतं."

तिने सगळ्यांसमोर फिल्टर उघडला आणि स्पंज पांढऱ्या ताटात ठेवला. खवले होते. मागच्या शनिवारचे तीन काटे होते.

माणसं उठून पुढे आली. कोणी वाकून पाहिलं. एक बाई तोंडाला पदर लावून मागे सरकली. नितीश म्हणाला, "म्हणजे माझा मासा याने खाल्ला?"

"हो. आणि तुमची पाठ वाकायच्या सवयीने दुखते, ती अजून दुखत असणार."

त्याने पाठीवर हात ठेवला.

गुरुजी जॅकेटची चेन लावत म्हणाले, "नास्तिकांच्या घरात दैवत टिकत नाही!" ते बुटांच्या ढिगातून आपले बूट शोधू लागले. ते लवकर सापडेनात. शेवटी एकाच पायात घालून दुसरा हातात घेऊन ते गाडीकडे गेले. दोन-तीन पोरं हसली. मोठं कुणी हसलं नाही.

कारण सलोनी सुनीतीकडे वळली होती. "ताई, हे काटे तुम्हाला आज दिसले?"

खोटं बोलायला शेवटची जागा होती ती.

"नाही," सुनीती म्हणाली. "पहिल्या रविवारपासून. दर आठवड्याला मीच काढून टाकत होते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"होतं. लोक घरी येतात, विवेक हसतो, मला ताई म्हणतात, म्हणून गप्प बसले. मावशींनी मला विचारलं होतं गोळी बंद करू का. मी उत्तर दिलं नाही. गुरुजींनी तुम्हाला फसवलं, आणि त्यांची फसवणूक मी साफ करत राहिले."

समीर दाराशी उभा होता. हॉस्पिटलमधून थेट आला असावा, दाढी वाढलेली. तो एवढंच म्हणाला, "एक शब्द बोलला असतात ताई," आणि निघून गेला. त्याच्यामागे एकेक करून सगळे गेले. बुटांचा ढीग ओसरला. कुणी डबा ठेवून गेलं नाही.

गुरुजींना पुढे काही झालं नाही. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला वास्तू बघत असल्याचं कानावर आलं. ढब्बूला पशुवैद्याकडे नेलं. इंजेक्शनं झाली, उबदार पाणी, वर दिवा, बसायला सुका दगड अशी स्वतंत्र टाकी मिळाली. तीन मासे दुसऱ्या टाकीत गेले. "फायनली," इशिता म्हणाली.

सुनीती सुलभामावशींकडे गेली. समीरने दार उघडलं आणि बाजूला झाला. मावशी खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात उशीवर. सुनीतीने त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. मावशींनी ऐकलं. मग त्यांचे ओठ हलले. शब्द शोधताना कपाळावर आठ्या पडल्या, डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वेळाने त्या म्हणाल्या, "मी... तुला... विचारलं."

सुनीतीने मान हलवली. क्षमा मागावी असं तिच्या मनात होतं, पण ते वाक्य त्या खोलीत मावेना. ती तासभर तिथेच बसून राहिली. मावशींनी तिला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारपासून विवेक आणि सुनीती घरोघर फिरू लागले. ज्यांच्या नावाने मासे सोडले होते अशी तीसेक नावं होती. काहींनी दार उघडलं नाही. एकाने तोंडावर लावून घेतलं. ज्यांनी उघडलं त्यांना सुनीती एकच गोष्ट सांगत होती, "चमत्कार दिसला तर दोन प्रश्न विचारा. कसं झालं? आणि झाकून का केलं? विचारण्याने कुठला देव रागवत नाही. रागावला तर तो माणूसच असतो. आणि औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांनाच विचारून बंद करा. ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प बसू नये. माझ्यासारखं."

सव्विसावं घर प्रमोदकाकांचं होतं. साखरेचे रुग्ण, एकटेच राहत. त्यांनी दोघांना आत बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग उठून कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी आणली. आत गोळ्यांच्या तीन महिन्यांच्या पट्ट्या, न फोडलेल्या.

"मी पण थांबवल्या होत्या," ते खालमानेने म्हणाले. "आता काय करू? आजपासून सगळ्या एकदम सुरू करू का?"

सुनीतीने पिशवी हातात घेतली, पट्ट्यांवरच्या तारखा वाचल्या आणि म्हणाली, "नाही काका. एकदम नाही. आधी डॉक्टरांशी बोलू. तुमचा फोन कुठेय? मी लावून देते. ते काय सांगतात ते कळेपर्यंत मी इथेच बसते."